फोटो दाखवायचा आणि गप्प बसायचं

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून थंडीतल्या एका पहाटे मी सुवेळा माचीचा फोटो काढला. माचीवर धुक्याची पातळ साय, मागून नुकताच वर आलेला सूर्य आणि डाव्या कोपऱ्यात टोपी घालून उभा असलेला आमचा एक मित्र. घरच्यांच्या, शाळेच्या आणि सोसायटीच्या अशा तिन्ही ग्रुपवर तो टाकला. अंगठे, टाळ्या, ‘क्या बात है’. आठवडाभर मी हवेत होतो. मग शेजारच्या इमारतीतल्या काकांना दाखवला. बँकेतून निवृत्त झालेले, फिल्मच्या रोळाच्या काळापासून फोटो काढणारे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "यात मी सूर्य बघायचा, माची बघायची, की हा टोपीवाला?"

मला रागच आला. रात्री फोटो परत उघडला, तर टोपीवाल्यावरून नजर हलेना.

त्या प्रश्नातून आमचा कट्टा सुरू झाला. आम्ही आठ जण आहोत. महिन्यातून एका रविवारी जमतो, एकमेकांचे डोंगरातले, रानातले, पाणवठ्यावरचे फोटो बघतो आणि त्यांच्याबद्दल बोलतो. कॅमेरा किंवा बरा फोन हातात आला आहे, बाहेर भटकायला आवडतं, पण ‘भारी’ आणि ‘मस्त’च्या पुढे कुणी काही सांगत नाही, अशी तुमची अवस्था असेल तर असा कट्टा जमवायचा कसा आणि चालवायचा कसा, ते खाली सांगतो. यातलं बरंचसं आम्ही चुका करूनच शिकलो.

१. माणसं जमवा, पण मोजकी

पाच ते आठ माणसं पुरतात. बारा झाली की प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि गप्पा चहाकडे वळतात. सगळे एकाच छंदाचे नसले तर उत्तम. आमच्यात दोघं पक्षीवाले, एक ताई फक्त फुलं आणि किडे टिपणारी, तिघं गडकोटवाले, एक जण फक्त फोनवर फोटो काढणारा आणि एक काकू, ज्या फोटो काढतच नाहीत. काकूंना सुरुवातीला आम्ही खाण्याच्या लालचीने बोलावलं, हे कबूल करतो. पण त्यांच्याइतकं सरळ कुणी बोलत नाही. त्यांना लेन्स ठाऊक नाही, त्यामुळे लेन्सचं कौतुकही नाही. "हे काळं काय आहे इथे?" असं त्या विचारतात आणि ते काळं खरंच तिथे नको असतं.

हा उद्योग काही नवा नाही. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार होते. कॅमेरा भारतात येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, तरी केलेलं काम चार जाणत्यांसमोर मांडायची गरज लोकांना वाटलीच.

जागा कुणाचंही घर चालेल. मोठा टीव्ही असेल तर त्याला लॅपटॉप जोडा, आणि टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ नावाचा भडक मोड आधी बंद करा. दुकानात ग्राहकाचे डोळे दिपावेत म्हणून तो असतो. त्यात पावसाळ्यातलं प्रत्येक शेत प्लॅस्टिकच्या गवतासारखं दिसतं. त्याहून चांगलं म्हणजे प्रिंट. लॅबमधून आठ बाय बाराचे प्रिंट काढून टेबलावर पसरले की लोक वाकून बघतात, लांब जाऊन बघतात, उलटे धरून बघतात. फोनवर बोटाने सरकवताना एका फोटोला दोन सेकंद मिळतात. प्रिंटवरून सहसा कुणी इतक्या घाईने पुढे जात नाही.

२. एकदा तरी सगळे एकाच ठिकाणी जा

पहिल्या बैठकीच्या आधी एक सकाळ एकत्र बाहेर काढा. कुणी लडाखचे, कुणी केनियाचे फोटो आणले की सगळे त्या जागेबद्दलच बोलत बसतात. त्याच टेकडीवर, त्याच उजेडात आठ जण उभे होते आणि आठ वेगळे फोटो आले, की ‘मला हे दिसलंच नाही!’ असं आपोआप तोंडून निघतं. त्यासाठी लांब जायची गरज नाही. पुण्यात वेताळ टेकडी किंवा पाषाणचा तलाव, मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, ठाण्याच्या बाजूला खाडी. जिथे परत परत जाता येईल अशी जागा निवडा. ती का, ते शेवटी सांगतो.

थंडीत जमलं तर भिगवण करा. उजनी धरणाचं पाणी ओसरू लागलं की कुंभारगावच्या बाजूला उथळ चिखल उघडा पडतो आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. धरण काठोकाठ भरलेलं असताना गेलात तर नुसतंच पाणी बघून याल, म्हणून आधी तिथल्या नावाड्याला फोन करून विचारा. होडीत एक गोष्ट पाळा. नावाड्याला ‘जरा जवळ घ्या, उडू देत’ असं सांगायचं नाही. काही जण न सांगताही नेतात, कारण आधीच्या शंभर गिऱ्हाइकांनी तेच मागितलेलं असतं. त्यांना आधीच सांगा, ‘दादा, लांबच थांबवा, इंजिन बंद करा.’ दहा मिनिटं होडी स्थिर राहिली की पक्षी तुम्हाला विसरतात आणि आपापल्या कामाला लागतात. खरे फोटो त्यानंतर मिळतात.

पावसाळ्यात जाणार असाल तर कॅमेऱ्याच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि घरी आल्यावर ओली पिशवी बंद करून कपाटात ठेवू नका. लेन्सच्या काचेवर आतून बुरशी धरली की दुरुस्तीच्या बिलाने डोळ्यांत पाणी येतं.

३. तीनशेतले दोन निवडा

इथे बहुतेक नवे लोक अडतात. एका सकाळी तीनशे फोटो निघतात आणि त्यातले चाळीस पाठवले जातात, ‘तुम्हीच सांगा कुठला चांगला’ म्हणून. असं करू नका. निवडणं हा अर्धा अभ्यास आहे, तो दुसऱ्यावर ढकलायचा नाही.

दोन दिवस फोटो बघूच नका. गडावरून उतरल्या रात्री सगळेच छान वाटतात, कारण अजून पाय दुखत असतात. चढताना गाळलेला घाम फोटोत दिसत नाही, पण काढणाऱ्याला तो दिसत राहतो. त्याचंच थोरलं भावंड म्हणजे दुर्मिळपणाचा मोह. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मागे सूर्य आणि खाली धुकं असं जुळून आलं, तर धुक्यावर गोल इंद्रधनुष्य आणि त्यात आपली सावली दिसते. त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते दिसणं नशिबाचं. आमच्यातल्या एकाला दिसलं, त्याने थरथरत्या हातांनी टिपलं आणि चार बैठका तोच फोटो आणला. करड्या पडद्यावर फिकट कडं, एवढंच त्यात होतं. आठवण म्हणून सोन्याची, फोटो म्हणून साधारण. हे त्याला कसं सांगायचं यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. शेवटी काकू म्हणाल्या, "बाळा, तुला जे दिसलं ते आम्हाला दिसत नाहीये रे."

आमचा नियम असा : प्रत्येकाने दोनच फोटो आणायचे. एक स्वतःला आवडलेला आणि एक अडलेला, म्हणजे काहीतरी चुकतंय पण काय ते कळत नाही असा. अडलेल्या फोटोवर कायम जास्त चांगली चर्चा होते.

४. पाठवण्याच्या खोड्या

बैठकीला येऊ न शकणारे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात. तिथे फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो. बारीक पिसं, दूरची झाडं सपाट होतात आणि मग सगळे म्हणतात, ‘शार्प नाही’. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण इथे एक मेख आहे. फोटो म्हणून पाठवताना त्यातली आतली माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की ती तशीच जाते आणि फोनने काढलेला असेल तर त्यात जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. पिंगळ्याची ढोली किंवा दुर्मिळ फुलाचा ताटवा असा फोटो फिरत फिरत कुठे पोचेल सांगता येत नाही. एक्स्पोर्ट करताना जागेची माहिती काढून टाका, लांब बाजू साधारण २०४८ पिक्सेल ठेवा आणि रंगासाठी एसआरजीबी निवडा. नाहीतर तुमच्या संगणकावर गुलाबी दिसणारा रोहित दुसऱ्याच्या फोनवर आजारी दिसतो.

फाइलला नाव देताना आपलं नाव घालू नका, फक्त आकडा घाला. कुणाचा फोटो ते शेवटी कळावं. ज्येष्ठाचा फोटो आहे म्हणून गप्प बसणं आणि नवख्याचा आहे म्हणून तुटून पडणं, दोन्ही त्यामुळे बरंच कमी होतं. पूर्णपणे थांबत नाही. आमच्या फुलंवाल्या ताईंचा फोटो आम्ही शंभर पावलांवरून ओळखतो.

५. बघण्याची रीत

फोटो समोर आला की अर्धा मिनिट कुणीही बोलायचं नाही. पहिल्यांदा हे फार अवघडल्यासारखं वाटतं, कुणीतरी खोकतं, कुणी फिस्सकन हसतं. सवय होते. डोळा चौकटीत फिरायला तेवढा वेळ लागतो.

मग प्रत्येकाने पहिलं वाक्य एकाच प्रकारचं बोलायचं : माझी नजर आधी कुठे गेली आणि मग कुठे. बाकी काही नाही. चांगलं-वाईट नाही, सल्ला नाही. ‘आधी उजवीकडच्या पांढऱ्या आकाशाच्या तुकड्यावर गेली, तिथून बाहेरच पडली, बगळा नंतर दिसला.’ आठातल्या पाच जणांची नजर त्या पांढऱ्या तुकड्यावर गेली असेल तर वाद संपला. काढणाऱ्याला कितीही वाटलं की फोटो बगळ्याचा आहे, तो आकाशाच्या तुकड्याचा आहे.

दुसऱ्या फेरीत, काय वाटलं ते. उकाडा, थंडी, एकटेपणा, गडबड, कंटाळा, काहीही. ‘काहीच वाटलं नाही’ हेही उत्तर चालतं, ते सांगताना मान खाली घालायची गरज नाही.

तिसऱ्या फेरीत कारणं शोधायची, आणि इथे थोडं तंत्र लागतं. नव्या लोकांना सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे धूसरपणाचं निदान. फोटो ‘हलला’ एवढंच सांगून भागत नाही. सगळंच, म्हणजे फांदी, पान, पक्षी एकाच दिशेने पुसल्यासारखं दिसत असेल तर हात हलला आहे. फांदी लख्ख आणि पंख पुसलेले असतील तर शटरचा वेग कमी पडला. पुढचं गवत किंवा मागची फांदी लख्ख आणि पक्षी मऊ असेल तर फोकस चुकीच्या जागी बसला. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. हात हलत असेल तर जुना ठोकताळा बघा : लेन्स ३०० मिमीची असेल तर शटर निदान १/३०० सेकंद, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर त्याहून वेगवान. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताला सावरतं, पक्ष्याला नाही. उडत्या पक्ष्याला १/१००० आणि त्याच्या पुढेच जावं लागतं. फोकस चुकत असेल तर शटर कितीही वाढवा, डोळा लख्ख येणार नाही. आमच्या एका मित्राने हलणाऱ्या फोटोंमुळे नवी लेन्स घ्यायचं ठरवलं होतं. तीन बैठकांनंतर कळलं, फोकस पक्ष्याच्या छातीऐवजी मागच्या फांदीवर बसत होता. लाखभर रुपये वाचले.

दुसरं दुखणं पांढऱ्या पक्ष्यांचं. गडद पाण्यावर उभा असलेला बगळा टिपताना कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, पाणी काळं म्हणून उजेड वाढवतो आणि बगळ्याचा होतो पांढरा कागद. पिसांमधली एक रेघ उरत नाही आणि ती नंतर संगणकावर आणता येत नाही. एक्स्पोजर दोन-तीन खुणा खाली घ्या. तोच बगळा चौकट भरून आला, मागे उजळ आकाश असलं, तर गणित उलटं होतं, तेव्हा थोडं वर न्यावं लागतं.

आणि क्षितिज. भिगवणचं पाणी एका बाजूला कललेलं असेल तर आमच्याकडे ‘पोछा आणा’ अशी हाक पडते. एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं, यावर दहा मिनिटं घालवू नयेत.

चौथी फेरी सुचवण्याची. इथे एक अट आहे, जे तिथे उभ्या असलेल्या माणसाला करता आलं असतं तेच सुचवायचं. ‘ढग हवे होते’ हा सल्ला नव्हे. ‘दोन पावलं डावीकडे सरकला असतास तर बुरुज झाडापासून सुटा झाला असता’ हा सल्ला. ‘खाली बसून टिटवीच्या डोळ्याच्या उंचीवर आला असतास तर मागची माती दूर जाऊन मऊ झाली असती’ हा त्याहून चांगला सल्ला. आजवर आमच्या कट्ट्यावर जे सांगणं खरोखर कामी आलं, त्यातलं बहुतेक कुठे उभं राहावं आणि किती वाकावं याबद्दलचं होतं. मेनूतल्या सेटिंगबद्दलचं फार थोडं.

काही वाक्यांना आमच्याकडे बंदी आहे. ‘कुठला कॅमेरा?’ हा प्रश्न चर्चा संपल्यावरच. ‘रूल ऑफ थर्ड्स पाळला नाही’, म्हणजे विषय चौकटीच्या मध्याऐवजी एक-तृतीयांशावर ठेवला नाही, हे कधीच नाही. हरिश्चंद्रगडावरच्या पुष्करणीत देवळाचं प्रतिबिंब बरोबर मध्यात धरलेलं असताना एकाने हे म्हटलं होतं. समोर समतोल इतका ठाम असताना विषय एक-तृतीयांशावर सरकवायचा म्हणजे रांगोळी पुसून परत काढण्यासारखं आहे. नियम सांगायचा तर तो मोडल्यामुळे इथे काय बिघडलं तेही सांगा. काही बिघडलं नसेल तर नियम खिशात ठेवा.

धुक्याबद्दल एक वैयक्तिक तक्रार. पावसाळी गडाचा फोटो आला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘डीहेझ वाढव, पंच येईल.’ अहो, धुकं काढूनच टाकायचं होतं तर जुलैत गडावर गेलो कशाला? भर उन्हात मे महिन्यात गेलो असतो.

६. ज्याचा फोटो, त्याने काय करायचं

गप्प बसायचं. चारही फेऱ्या होईपर्यंत. हे सगळ्यात अवघड आहे. ‘तिथे मागे दरीच होती’, ‘तेवढ्यात ढग आला’, ‘बायको हाका मारत होती’, हे सगळं खरं असतं आणि फोटो बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नसतं. वही घेऊन बसा आणि लोक काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. बोलण्याची खुमखुमी हाताला काम दिलं की कमी होते.

लोकांची मतं एकमेकांना छेद देतील. एक म्हणेल पुढचा दगड काप, दुसरा म्हणेल दगडामुळेच खोली आली. अशा वेळी कुणाचं औषध घ्यायचं याचा लगेच निर्णय नको. दोघंही दगडापाशीच अडखळले, एवढं टिपून ठेवा. दगडाचं काहीतरी करायला हवं. काय करायचं ते तुमचं.

बोलणाऱ्यांसाठीही एक सांगतो, माझ्याच चुकीतून. कट्ट्याच्या पहिल्या वर्षी एक कॉलेजातला मुलगा यायचा. त्याने कासच्या फुलांचा एक फोटो आणला. आणि मी, जाणतेपणाच्या तोऱ्यात, त्यातल्या सात चुका ओळीने सांगितल्या. सगळ्या बरोबर होत्या. पुढच्या महिन्यात तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर परीक्षा आहे म्हणाला. तेव्हापासून आमच्याकडे एका माणसाने एका फोटोबद्दल एकच दोष सांगायचा, तोही सगळ्यात मोठा. बाकीचे सहा पोटात ठेवायचे. सात ऐकून माणूस काहीच दुरुस्त करत नाही, हे तेव्हा कळलं.

खोटं कौतुक मात्र करू नका. फोटोत आवडण्यासारखं काही सापडलं नाही, तर सापडेपर्यंत बघत बसा. बहुतेक वेळा सापडतं. नाहीच सापडलं तर विचारा, ‘हा काढताना तुला काय दिसलं होतं?’ त्या उत्तरात पुढचा फोटो असतो.

७. हा फोटो कसा मिळवला?

हा प्रश्न चर्चेचा भाग आहे, नंतरची कुजबुज नाही. पक्ष्याच्या घरट्याचा फोटो आमच्याकडे टेबलावर घेतला जात नाही, कितीही सुंदर असो. टिटवी तर उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते. तुम्ही जवळ गेलात की ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालते, तेवढा वेळ अंडी उन्हात असतात, आणि तुमच्या मागोमाग कावळा येतो. अशा फोटोला ‘वा!’ म्हटलं की पुढच्या आठवड्यात दुसरा कुणीतरी आणखी जवळ जातो. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं, पाण्यासमोर अळ्या टाकणं, त्याचीही हीच गत.

फुलांचंही तसंच. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तिथली कित्येक फुलं वीतभरही उंच नाहीत, म्हणून एका फुलाचा फोटो काढायला लोक दहा फुलांवर आडवे होतात. सीतेची आसवं पावलाएवढ्या जागेत किती असतात ते एकदा खाली बसून मोजा. तुमच्या फोटोत कडेला चुरगळलेला ताटवा दिसत असेल तर ताई तो नक्की शोधतात, आणि मग फोटोबद्दल कुणी बोलतच नाही.

मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीकडचे काजव्यांचे फोटो येतात. एका चौकटीत हजारो ठिपके, सगळं झाड सोन्याचं. डोळ्यांना एका क्षणी तसं दिसत नाही. बरेचसे फोटो अनेक चौकटी एकावर एक रचून केलेले असतात. रचा, हरकत नाही, पण सांगा. तिथे टॉर्च आणि फ्लॅश मात्र पूर्ण बंद, कारण काजवे जोडीदाराला उजेडानेच साद घालतात आणि तुमच्या एका टॉर्चमध्ये ती बुडून जाते.

संपादन किती करायचं यावर आम्ही एक सोपा करार केला आहे. उजेड, रंग, कापाकापी न सांगता चालते. चौकटीत नसलेलं काही घातलं किंवा असलेलं काही पुसलं, म्हणजे आकाश बदललं, विजेची तार काढली, तर आधी सांगायचं. पुढे कधी स्पर्धेला फोटो पाठवाल तर हे आत्ताच लक्षात ठेवा : फियाप आणि पीएसए या छायाचित्रणाच्या संस्थांच्या व्याख्येनुसार चालणाऱ्या निसर्ग विभागात काही घालायला किंवा पुसायला परवानगी नसते, मग ती एक काडी का असेना. एआयने पुसलेली काडीसुद्धा त्यातच आली. आजकालच्या फोनमध्ये ते एका बोटावर होतं, त्यामुळे आपण काही पुसलं हेही लोक विसरतात.

आणि माणसं. मेंढरं घेऊन चाललेला धनगर, भात लावणाऱ्या बाया, हे सगळ्यांनाच टिपावंसं वाटतं. विचारा, दोन शब्द बोला, गावाचं नाव लिहून घ्या आणि पुढच्या खेपेला प्रिंट घेऊन जा. आमच्यातल्या फोनवाल्याने वेल्ह्याजवळच्या एका आजींना त्यांचा फोटो नेऊन दिला. आजींनी तो लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "एवढी म्हातारी झाले व्हय मी?" त्याच्या आयुष्यातली सगळ्यात छोटी आणि सगळ्यात प्रामाणिक समीक्षा, असं तो सांगतो.

८. परत जा

चर्चा वहीत राहिली तर तिचा उपयोग नाही. म्हणून जवळची जागा निवडा म्हटलं. तुम्हाला सांगितलेला एक मोठा दोष घेऊन, महिन्याभरात त्याच जागी, शक्यतो त्याच वेळी जा आणि तेवढी एकच गोष्ट बदलून बघा. काही गोष्टी थांबत नाहीत. टोपली कारवी कासला सामूहिकपणे ७ वर्षांतून एकदा फुलते, तिच्यासाठी परत जायचं तर मुलांची शाळा बदललेली असेल. पण टेकडी तिथेच असते, तलावावरचा खंड्याही बहुधा त्याच काठीवर असतो.

वर्षाच्या शेवटी आम्ही एक बैठक फक्त जोड्यांची घेतो. जुना प्रिंट आणि नवा प्रिंट शेजारी शेजारी, कुठला कुठला ते न सांगता. वहीतलं पान बाजूला उघडं.

माझी सुवेळा माचीची जोडी गेल्या डिसेंबरात टेबलावर आली. नव्या फोटोत टोपीवाला नाही, सूर्यही चौकटीबाहेर ठेवला आहे. धुक्यातून निघालेली माचीची सोंड आणि तिच्यावर एका बाजूने सरकणारं ऊन, एवढंच आहे. त्या एका फोटोसाठी मी तीनदा गड चढलो. मी सोडून सात जणांनी मतं दिली. नव्याला तीन, जुन्याला चार. काकांचं मत जुन्याला. टोपीवाल्याशिवाय फार सुनं वाटतंय, म्हणाले.